दिंद्रुडचं स्थळ

॥ श्री महादेव प्रसन्न ॥
मांजरसुंबा,
ता. २० जानेवारी २००२

चि. केदारनाथास अक्काचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल. यंदाही तुमच्यावाचूनच हुरडा संपत आला.

प्रणितासाठी इंटरनेटवर स्थळ मिळालं, वाचून बरं वाटलं. घर, दुकान, मुलाचे दाखले, सगळ्यांचे फोटो तू पुण्यात बसूनच पाहिलेस. एवढं दिसत असताना दिंद्रुडला जायचं कशाला, असं लिहितोस. अरे, मुलगी द्यायची तर बायकांनी त्या घराच्या स्वयंपाकघरापर्यंत जाऊन यायचं, ही आपली रीत. म्हणून मी आणि आमचे हे परवा जाऊन आलो.

घर फोटोत आहे तसंच आहे. गुलाबी रंग, झोपाळा, मोठा टीव्ही. मुलगा नम्र वाटला. उगाच एसटीचे हाल करून घेतले, असंही मनात आलं.

फोटोतली थोरली सून मात्र कुठं दिसली नाही. चकलांब्याला माहेरी गेलीय, असं मुलाच्या आईनं सांगितलं.

लिहू की नको म्हणून इकडचं तिकडचं लिहीत बसले. मी पाय धुवायला मागं गेले, तर मागच्या खोलीला बाहेरून कडी होती. आतून बाईचा आवाज आला, अगदी हळू.

"मावशी, पोरगी तुमची हाय का? हितं देऊ नका."

तेवढ्यात मुलाची आई टॉवेल घेऊन मागं आली. मी पाय पुसून पुढं आले.

तू स्वतः ये. त्यांना मात्र काही विचारू नकोस.

तुझी अक्का


मांजरसुंबा,
ता. ६ फेब्रुवारी

केदारनाथ,

तुझं पत्र पोचलं. नको म्हटलं असताना तू त्यांना ई-मेल करून विचारलंस. त्यांनी लगेच थोरल्या सुनेचा हसरा फोटो पाठवला आणि तुझं समाधान झालं. अक्काला भास झाला, म्हणतोस. म्हण बापडा. पण आतून कोण काय बोललं, तेही तू त्यांना जसंच्या तसं कळवलंस. त्या दाराआड एकटी बाई होती रे.

पत्र वाचून आम्ही तडक दिंद्रुड गाठलं. खोली सताड उघडी, आत नुकताच चुना मारलेला. सून माहेरीच आहे, मुलाची आई हसून म्हणाली.

तिथून चकलांब्याला गेलो. रुद्राणी तिचं नाव. तिचे वडील मृत्युंजयअप्पा ओट्यावर बसले होते. लेकीचा निरोप घेऊन आलो, असं वाटून त्यांनी आम्हालाच बसायला घोंगडं अंथरलं.

"कशी हाय आमची रुद्राणी?" ते म्हणाले. "सणासुदीला फोटो धाडतेत. लई बरी दिसती, म्हणून आमी काय जाऊन बघितलं न्हाई."

मी त्यांना दाराआडचं सगळं सांगितलं. त्यांना घेऊन रात्री घरी आलो, आता पोलिसात निघालो आहोत. तू स्थळ बघायला येऊ नकोस. तिला शोधायला ये. तुझ्या प्रणिताच्याच वयाची आहे.

आज आशीर्वाद लिहवत नाहीत.

शिवगंगा