सुनेच्या रुखवतातला पलंगपोस

आई, काल तुझ्या सुनेचा फोन आला. "दीदी, मम्मीजी वाला पलंगपोस धोना है, अकेले नहीं निचोड़ा जाएगा। आ जाओगी?" गेले. गच्चीवर दोघींनी दोन टोकं धरून तो पिळला आणि दोरीवर टाकला. पांढरा दोरा आता सायीसारखा झालाय, पण तुझे चौकोन जसेच्या तसे आहेत, एकाचाही कोपरा मुरडलेला नाही. तुला जाऊनही खूप काळ लोटला, तेव्हा आता तुझ्यापाशी चोरी कसली? मी तिच्यावर जळते. तेव्हा जळत होते, काल पिळे देतानाही जळत होते.

रायपूरजवळच्या भनपुरीतल्या आपल्या त्या घरात पांढरं विणणं म्हणजे शुद्ध हट्ट होता. शेजारच्या उरला भागातल्या कारखान्यांची काळी धूळ सकाळी ओट्यावर, दुपारी पुन्हा ओट्यावर. तू जेवणं आटोपलीस की स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतेस, उंबऱ्याशी ओलं फडकं टाकतेस, हात राखेनं घासतेस आणि मग डालड्याच्या डब्यातला गुंडा पायाशी ठेवून विणायला बसतेस. डब्याच्या झाकणाला भोक, त्यातून दोरा बाहेर. रंगीत दोरा घे म्हटलं की तुझं ठरलेलं उत्तर, "रुखवतात पांढरंच शोभते." रुखवत माझं होतं. मी मॅट्रिक झाले त्या उन्हाळ्यात तू पहिला चौकोन विणलास, आणि मग दर उन्हाळ्यात विणत गेलीस. जुन्या चादरीत गुंडाळून ते पेटीत ठेवायचीस, त्यावर कडुलिंबाचा पाला.

मलाही ते क्रोशाचं विणकाम शिकवलंस. साखळ्यांचा गोल करायचा, त्यात खांब घालायचे, मग पुढच्या फेरीत चार ठिकाणी एकाच भोकात खांब, साखळ्या आणि पुन्हा खांब घातले की गोलाला कोपरे फुटतात. ऐकायला सोपं. माझा चौकोन मात्र वाटीसारखा वर यायचा. तू तो तळहातावर ठेवून बघायचीस, टोक धरायचीस आणि सर्रकन सगळा उसवायचीस. "हात काहून इतका आवळून राहिली? दोरा काय पळून चालला? तुले येते, तू करत नाहीस." मग तो वाकडातिकडा झालेला दोरा माझ्या मांडीवर टाकून तू भाजी निवडायला लागायचीस. मी किती वेळा रडले असेन. माझा एकही चौकोन त्या पेटीत कधी गेला नाही.

मग नवीन राज्य झालं. भोपाळहून फायलींचे गठ्ठे आले, साहेब आले, घरभाडी वाढली, आणि मला सरकारी नोकरी लागली. आपलं रायपूर राजधानी झालं म्हणून तू पाऱ्यातल्या, आपल्या मोहल्ल्यातल्या, बायांना पेढे वाटलेस की माझ्या नोकरीचे, ते मला अजून कळलेलं नाही. तोवर मला बघायला येणारे यायचे थांबले होते. मी तिशी ओलांडली होती आणि त्याचं मला फारसं काही वाटत नव्हतं, असं मी सगळ्यांना सांगत असे. तेवढ्यात तुझ्या लाडक्यानं, माझ्या धाकट्या भावानं, बीरगांवातल्या दुकानदाराची मुलगी पसंत केली. हिंदी बोलणारं घर. चांगली माणसं, पण रुखवत म्हणजे काय ते त्यांना ठाऊकच नाही.

लग्नाच्या दिवशी मी ऑफिसातून अर्धी रजा घेऊन हॉलवर पोचले. रुखवताच्या टेबलाभोवती अमरावतीच्या मावश्या जमल्या होत्या. मध्यभागी पलंगपोस पसरलेला. मी लांबूनच ओळखला. "पोट्टीचा हात किती गोड आहे," मावशी म्हणत होती, आणि नवरी शालूत मान खाली घालून उभी होती, कारण तिला एक अक्षर कळत नव्हतं. मुलाच्या आईनं मुलीकडचं रुखवत मांडलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

तुला हॉलच्या भटारखान्यात गाठलं. तू पुऱ्यांवर लक्ष ठेवत होतीस.

"ते माझे होते."

"हव, तुयेच होते. पेटीत पडून पडून पिवळे पडून राहिले. तिचं टेबल रिकामं दिसलं असतं तं आपल्या लोकांनी जन्मभर तिले बोलून दाखवलं असतं."

"मले विचारलं काहून नाही?"

"विचारलं असतं तं तू हो म्हटलं असतं. अन् मग रात्रभर रडली असती." एवढं म्हणून तू आचाऱ्याला हाक मारलीस, "भैया, तेल कम करो."

आई, पलंगपोस गेल्याचं मला दुःख नव्हतं. तू माझ्या लग्नाची आशा सोडलीस, आणि ते मला मावश्यांच्या घोळक्यात उभं राहून कळलं, हे मला सहन झालं नाही. माझं लग्न झालं नाही ते नाहीच. पण पेटीत ते चौकोन होते तोवर निदान तू तरी वाट बघत होतीस.

पुढे तू तिलाही विणायला शिकवलंस. एका दुपारी मला राहवलं नाही आणि मीही सुई घेऊन तुमच्याजवळ येऊन बसले. दोघींचे चौकोन एकदमच झाले. तिच्याला तीनच कोपरे होते, चौथ्या जागी नुसता घोळ. तू तो कौतुकानं उलटसुलट केलास, "बढ़िया है बेटा," म्हणालीस आणि टीव्हीवर मांडलास. माझा हातात घेतलास आणि तिच्यासमोर उसवलास. त्या दिवशी मी सुई ड्रॉवरमध्ये टाकली ती कायमची.

तर काल. ओला पलंगपोस दोरीवर झटकताना तुझी सून एकदम म्हणाली, "दीदी, मम्मीजी ने मुझे कभी डाँटा नहीं। एक बार भी नहीं।"

मी म्हणाले, "नशीब आहे तुझं."

"काहे का नशीब," ती म्हणाली. "टेढ़ा बुनती, तो भी बढ़िया। दाल जला दी, तो भी कोई बात नहीं बेटा। आपका तो सामने खोल देती थीं। मैं सोचती थी, मेरा कब खोलेंगी। मैंने वो चौथा कोना जान-बूझकर छोड़ा था, दीदी। मेहमान को कौन डाँटता है।" आणि पलंगपोसाची कड सारखी करत राहिली, माझ्याकडे न बघता.

मला तिची दया यायला हवी होती. बाई माझ्याहून लहान, शेवटच्या आजारपणात तुझं सगळं तिनं केलं, माझ्या ऑफिसला तर सुट्टीच नसायची. पण आई, खरं सांगते, मला आनंद झाला. इतका, की मला चिमटे सापडेनात. तिनं विचारलं, "आपको बहुत डाँटती थीं ना?" जन्मभर ज्याचं रडगाणं गायले त्याच्याबद्दल मी मान ताठ करून म्हणाले, "बहुत." मग तुझी रागावणी तिला एकेक करून सांगत बसले, पलंगपोस वाळेपर्यंत.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. त्यातली दोन-तीन रागावणी तुझी नव्हतीच. मी मनानं रचली.