सही माझीच आहे

तारनाका, हैदराबाद
रविवार, १३ जुलै

प्रिय प्रबुद्ध,

पत्राच्या वर मी दरवेळी 'सप्रेम जय भीम' लिहितो. आज लिहिलं नाही, ते तुला पहिल्या नजरेतच दिसलं असेल. विसरलो नाही. हात तिथवर गेला आणि मागं आला. 'प्रिय' मात्र राहू दिलंय. पन्नास वर्षांची सवय एका आठवड्यात सुटत नाही. फोन करणार होतो, पण फोनवर मी पहिल्या मिनिटातच तुझी आई काढली असती, आणि तुझी आई म्हणजे माझी काकू. दर भीमजयंतीला तिच्या हातची भाकर खाल्लीय मी. म्हणून लिहायला बसलो. लिहिताना निदान शिवी गिळता येते.

शिवानी बारावी झाली, हे तुला माहीतच आहे. तिला जनावरांचं डॉक्टर व्हायचंय. गल्लीतलं एकही लंगडं कुत्रं तिनं सोडलेलं नाही, सगळी आमच्या जिन्याखाली. अलका म्हणते, एक लंगडा घरात आहे तेवढा पुरे नव्हता का. पोरीचा नंबर साध्या यादीत थोडक्यात हुकतो. पण सैनिकांच्या मुलांसाठी राज्य सरकार काही जागा ठेवतं, त्यात ती बसते, आणि बाप पाय गमावून घरी आलेला असेल तर आणखी वर बसते. मी तिला म्हणालो, बेटा, तेवीस वर्षं हा पाय नुसता कपाटाला टेकून उभा आहे, एकदा तरी तुझ्या कामाला येऊ दे. कागद द्यायची शेवटची तारीख अठरा जुलै.

तर मी कागदांच्या मागं लागलो. कचेरीचं नाव लिहीत नाही, सगळ्या सारख्याच. हात-पाय गेलेल्यांची खिडकी दुसऱ्या मजल्यावर! लिफ्ट आहे, पण चावी साहेबांकडं, आणि साहेब अकरा वाजता येतात. मी तिथं नकली पायानं बेचाळीस पायऱ्या चढलो, चार वेळा. खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणायचा, रेपु. तेलुगूत रेपु म्हणजे उद्या. मग एल्लुंडी, म्हणजे परवा. माझ्या शेजारी एक बाई बसायची, नवरा वारल्यापासून चकरा मारणारी. चौथ्या दिवशी तिनं मला स्वतःच्या डब्यातला दही-भात दिला. भिंतीवर मोठा फोटो, त्याखाली लिहिलेलं की सैनिक देशाची शान आहे, आणि त्या शानीखाली कोणीतरी पानाची पिचकारी मारलेली. सव्वीस जानेवारीला हेच लोक आम्हांला शाल घालतात, आणि ती शाल तरी काय, धुतली की रुमाल होते.

चौथ्या दिवशी कळलं, अडलंय कुठं. माझ्या नोंदीत मूळ राज्य महाराष्ट्र आहे. का? कारण भरतीच्या दिवशी सुभेदारानं विचारलं, घर कुठलं, आणि मी छाती फुगवून सांगितलं, तालुका देगलूर, जिल्हा नांदेड. अरे, मी जन्मलो इथं, बरकतपुऱ्यात! शाळा नारायणगुड्याची. गावाला मी वर्षातून एकदा, भीमजयंतीला यायचो, आणि तुझ्या घरी पाहुण्यासारखा झोपायचो. पण आपल्या माणसाला कोणी विचारलं तर तो हैदराबाद कधी म्हणतो का? बापानं सोडलेलं, आज्यानं सोडलेलं गाव सांगतो. इथले सगळे मराठी हेच करतात, आणि मी तर तेव्हा अठरा वर्षांचा हौला, बिनडोक पोरगा. तेवढ्या एका फुशारकीनं पोरीला परकी करून ठेवलं. महाराष्ट्र म्हणतो, तुम्ही राहता हैदराबादला. हैदराबाद म्हणतं, तुम्ही नांदेडचे. शेवटी इथल्या साहेबाला माझी नाही, त्या दही-भातवाल्या बाईची दया आली असावी. तिनंच माझ्या वतीनं आवाज चढवला होता. तो म्हणाला, जन्माचे, शाळेचे दाखले आहेत तुमच्याकडं, नोंद बदलून देऊ, पण महाराष्ट्रात तुम्ही मुलांसाठी काहीच लाभ घेतलेला नाही असा नांदेडचा दाखला आणा. मी म्हटलं, एवढंच ना? घेतलेलाच नाही तर दाखल्याला किती वेळ लागतो.

मंगळवारी नांदेडला गेलो. तुला कळवलं नाही, म्हटलं उगाच स्टेशनवर येशील, जेवायला थांब म्हणशील. तिथला कारकून मात्र भला माणूस निघाला. खुर्ची दिली, चहा मागवला, संगणकात माझं नाव घातलं आणि त्याचा चेहरा खुलला. म्हणाला, काका, लाभ तर तुम्ही घेतलाय, अभिनंदन, तुमचा मुलगा इंजिनियर झाला, सरकारी नोकरीतही याच कोट्यातून लागला. मी हसलो. म्हटलं, बाबा, मला एकच मुलगी आहे. त्यानं कागद फिरवून माझ्यासमोर धरला. विवेक नागोराव. दत्तक पुत्र. तुझा विवेक! खाली दत्तकपत्राची प्रत, आणि तिच्यावर माझी सही. शेजारी अलकाची.

चहा तसाच राहिला, प्रबुद्ध. सुरुंगावर पाय पडला तेव्हा पहिल्या क्षणी काहीच दुखलं नव्हतं, नुसता कानात आवाज. तसंच झालं.

मग परतीच्या गाडीत एकेक आठवायला लागलं. शिवानी पाळण्यात होती ते वर्ष. तू ज्वारीचं पोतं आणि गावरान कोंबडा घेऊन आलास. अलकानं कोंबडा शिजवला, आणि जेवण झाल्यावर तू पिशवीतून कागद काढलेस. म्हणालास, गावात विहाराला कमान बांधतोय, तिच्यावर तुझं नाव कोरायचंय, वीर जवान म्हणून, पंचायतीला तुझी संमती पाहिजे. वरच्या कागदावर खरंच कमानीचं लिहिलेलं होतं. मी वाचलं. डोळे भरून आले माझे. खालचे चार कागद वाचले नाहीत. भावाचे कागद कोण वाचतं? अलका ओले हात पदराला पुसत आली आणि तू दाखवलंस तिथं सही करून पुन्हा भांडी घासायला गेली. रजिस्ट्रीच्या वेळी आमच्या जागी कोण उभं केलंस ते तुझं तुला ठाऊक. विवेक तेव्हा नववीत होता. नववीत! म्हणजे कॉलेजला चार वर्षं असताना तू हे पेरलंस. सरकारनं लुटलं असतं तर मी शिव्या देऊन मोकळा झालो असतो. इथं कुंपणानंच शेत खाल्लं. आणि ती कमान तर आजवर झालेली नाही.

मला किळस तुझीच आली असं नाही. स्वतःचीही आली. विवेकला नोकरी लागली तेव्हा तो पेढे घेऊन इथं आला होता. वाकून नमस्कार केला, आणि तोही माझ्या नकली पायाला हात लावून. म्हणाला, मोठे काका, सगळं तुमच्यामुळं. मी काय समजलो असेन? मला वाटलं, माझ्याकडं बघून पोरगा घडला. महिनाभर मी ते वाक्य कॉलनीत सांगत फिरलो. चहाच्या टपरीवर सांगितलं, दवाखान्याच्या रांगेत सांगितलं. लोक माना डोलवायचे. आता त्या टपरीवरून जायची लाज वाटते.

बुधवारी मी विवेकला फोन केला. तुला केला नाही, त्याला केला. एवढंच विचारलं की तुझ्या सरकारी कागदांवर मधलं नाव कोणाचं आहे. तो सहज म्हणाला, तुमचंच की काका. त्याला कसला संशयच नव्हता रे! तू त्याला सांगून ठेवलं होतंस की दादानं नाव हौसेनं दिलंय, पण चारचौघांत बोललेलं त्याला आवडत नाही. सतरा वर्षं पोरगा माझ्यासमोर गप्प राहिला, माझा मान राखायला. मी त्याला सगळं सांगितलं. मग त्यानं आणखी एक सांगितलं, जे तू त्याला त्या वेळी बोलला होतास. दादाला काय, मुलगीच आहे, ती उद्या दुसऱ्याच्या घरी जाणार, नाहीतर हे सगळं वायाच गेलं असतं.

वाया! माझा पाय वाळवंटात पडला, तो वाया गेला नाही. पण माझ्या पोरीला दिला असता तर वाया गेला असता. हे वाक्य मी अलकाला सांगितलेलं नाही, शिवानीलाही नाही. ते तुझ्याच पदरात परत टाकतो. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातात असं ऐकलं होतं. तू जिवंत भावाच्या तुटलेल्या पायावरचं खाल्लंस, आणि वर दर दिवाळीला फोन करून विचारलंस की दादा, पाय कसा आहे. थू!

काल विवेक आला. जेवला नाही. रात्रभर बसून त्यानं स्वतःच्या हातानं जबाब लिहिला, की दत्तक कधी झालंच नाही, लाभ खोट्या कागदावर घेतला, होईल ती कारवाई मान्य आहे. मी म्हटलं, थांब, वकिलाला विचारू, तुझी नोकरी जाईल, दोन लेकरं आहेत तुला. शिवानी तर रडायलाच लागली, विवेकदादाची नोकरी घालवून मिळालेली जागा मला नको म्हणाली. त्यानं तिला सांगितलं की जागा तुझीच होती, मी तिच्यावर बसलो होतो, आता उठतोय. उद्या तो नांदेडला जबाब जमा करणार आहे. त्यावर अठराच्या आत दाखला मिळेल की नाही, शिवानीला जागा मिळेल की नाही, आज कोणीच सांगू शकत नाही. कारकून म्हणतो, बघू.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगतो. तुला शिव्या द्यायला नाही, त्या तर मुफ्तमध्ये मिळाल्या. हे पाकीट मी चिकटवून विवेकच्याच हातात देतोय. उद्या संध्याकाळी जबाब देऊन तो थेट तुझ्याकडं येईल. म्हणजे तू हे वाचतोयस तेव्हा तो तुझ्यासमोर उभा आहे, आणि तुला अजून माहीत नाही की तो काय करून आलाय. आता कळलं. तुझा राग मला ठाऊक आहे. हात उचलशील, घराबाहेर हो म्हणशील, बापाला फासावर दिलंस म्हणून गावभर बोंब मारशील. तर हात खाली घे आणि ऐक. नांदेडहून दत्तकपत्राची प्रत मी घेऊन आलोय. त्या वेळी वाचलं नव्हतं, या आठवड्यात शब्द न् शब्द वाचलं. त्यात लिहिलंय की सदर मुलाचे पालनपोषण मी स्वतःच्या औरस अपत्याप्रमाणे करीन, व त्यास कधीही अंतर देणार नाही. तूच लिहून घेतलंयस. सरकार उद्या ते खोटं ठरवो, मला चालेल. पण तू दार लावलंस तर सून-लेकरांसकट त्याला इकडं पाठवून दे. दोन खोल्या आहेत, होईल काहीतरी. त्या कागदावर सही माझीच आहे.

तुझाच, कारण रक्त बदलता येत नाही,
नागोराव

ता. क. विवेकला माझा जय भीम सांग. त्याला निघताना माझ्यानं सांगवणार नाही.