निळ्या सुरया आणि उजवा हात

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा निळ्या झिलईच्या भांड्यांची खरेदी-विक्री, पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहीत आहे. दबाव आणून पाहिला तो मुलाने. गेल्या महिन्यात कपाटाच्या किल्लीसाठी त्याने माझा गळा धरला. मी त्याचा अंगठा चावला. चार टाके पडले. आता आम्ही बोलतो, पण हातभर लांबून.

कलम १. राहते घर मुलाला. रक्ताचे नाते आहे, चवीने ओळखतो.

कलम २. बँकेतील ठेव सुनेला, एकटीच्या नावाने. भिंतीपलीकडचे मला सगळे ऐकू येते, हे मुलाने समजून घ्यावे.

कलम ३. माझी हातोडी कोणालाही देऊ नये. वितळवून टाकावी. कारण सांगणे भाग आहे.

तीस वर्षांपूर्वी माझ्याकडे एकाच कारागिराच्या, एकाच माशांच्या नक्षीच्या एकोणीस सुरया होत्या. एकोणीस दिसल्या की गिऱ्हाईक घासाघीस करते. एकच दिसली की श्वास रोखते. तो रोखलेला श्वास मला दुकानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येतो, त्यावरच मी हमालाचा मालक झालो. म्हणून एक ठेवून बाकीच्या फोडायला परसात बसलो. ही भांडी मातीची नसतात, गारगोटीच्या पिठाची असतात. एका घावात पांढरा चुरा. सतरा झाल्या, तेवढ्यात कारागीर आत आला.

"शेठ, हे काय करताय?"

"तुझा भाव वाढवतोय, वेड्या!"

त्याने अठरावी उचलली आणि माझ्या तोंडावर फोडली. जबडा निखळला, दोन दात गेले. मी त्याला खाली पाडले, छातीवर गुडघा रोवला आणि हातोडी त्याच्या उजव्या हातावर घातली. तीनदा. हाडाचा आवाज भांड्यासारखा नसतो. तो ओला असतो.

झटापटीत चुकून लागली, असे मी पोलिसांना सांगितले. माझा जबडा मोडल्याबद्दल तो दीड वर्ष तुरुंगात बसला. त्या हाताने पुन्हा कुंचला धरला नाही, आणि नवी सुरई होणारच नाही म्हटल्यावर माझ्या उरलेल्या एकीचा भाव गगनाला भिडला. गेल्या वर्षी तो वारला.

त्याच्या मुलीला मी घरी बोलावून सगळा संग्रह देऊ केला. ती बसलीसुद्धा नाही.

"काका, भांडी तुमची तुम्हाला लखलाभ. बाबा शेवटपर्यंत सांगत होते, त्याने हात बघून मारलं. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. खरं काय ते लिहून द्या, बस्स."

कलम ४. खरे आहे. पहिला घाव रागात बसला. दुसऱ्याआधी मी त्याची मिटलेली बोटे उलगडून फरशीवर सरळ केली.

कलम ५. संग्रह वकिलांनी विकावा, रक्कम सुनेला द्यावी. प्रत्येक भांड्यासोबत कलम तीन आणि चारची प्रत जावी. भाव पडेल असे वकील म्हणतात. मी गिऱ्हाईक ओळखतो; वाढेल.

मृत्युपत्रातून काही घेणाऱ्याने साक्षीदार होऊ नये, असेही वकिलांनी बजावले. सहीच्या वेळी मी कारागिराच्या मुलीला शेवटचे विचारले, "अजून वेळ आहे. निदान ती सुरई तरी घे."

तिने पेन मागितले.

ठिकाण : माझ्या दुकानामागची खोली
मंगळवार, तारीख तीन, दुपारी

लिहून देणार : (सही) भांडीवाला
साक्षीदार पहिले : (सही) आमचे डॉक्टर
साक्षीदार दुसरी : (सही) कारागिराची मुलगी