घड्याळजीचा तोल

३ मार्च
वीट आलाय. बायकोने तिच्या वडिलांचं किल्लीचं घड्याळ तपासायला दिलं. कानाला लावलं. खलास. (उजव्या हातात स्क्रूड्रायव्हर, घड्याळ डाव्या कानाला. आयुष्यभराची सिस्टिम.) भंगाराच्या डब्यात टाकलं. जावई म्हणाला, बाबा, चालतंय की. दुकानात बसायला लागला म्हणून घड्याळजी झाला!

५ मार्च
बायकोचा अबोला. जेवताना शेजारी बसली, पण चकार शब्द नाही. एका मेलेल्या घड्याळासाठी! निश्चय: आपण आधी बोलायचं नाही.

९ मार्च, सकाळी
स्टुलावरून पडलो. स्टूल भिकार. अख्खं दुकान गरगरलं आणि उलटी झाली, तीही काउंटरवर, गिऱ्हाइकासमोर. शी! जावई म्हणतो, बाबा, हल्ली तुमचा तोल जातो. सासऱ्याला तोंडावर तापट म्हणतो! तरी मनाचा मोठेपणा म्हणून निश्चय: आजपासून राग बंद.

१० मार्च
दिवसभर शांत. घासाघीस करणाऱ्यालासुद्धा हसून बसा म्हणालो. संध्याकाळी भिंतीवर आपटलो. शांतपणे आपटलो. राग नसताना तोल गेलाच कसा? जावयाला विचारणार नाही.

१४ मार्च
कुणाचा तरी कुकर सारखा शिट्टी मारतोय. बायको म्हणे गॅस बंद आहे. (हे मात्र समोर येऊन बोलली. भांडायला बरं तोंड उघडतं.) गिऱ्हाइकंही पुटपुटतात. नीट बोलायलाही लोकांना कष्ट पडतात. किळस आली या जगाची.

१८ मार्च
पुन्हा उलटी. जावयाने धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, तोल सांभाळणारं आणि ऐकणारं, दोघांचं बिऱ्हाड आतल्या कानात एकत्र. एक बिघडलं की दुसऱ्यालाही त्रास. डावा कान बराच गेलाय. मी म्हटलं, बाई, घड्याळजीचा कान आहे हा! जावयाने गुपचूप खिशातून माझ्या सासऱ्यांचं, मी भंगारात टाकलेलं घड्याळ काढलं आणि माझ्या उजव्या कानाला लावलं. टिकटिक. निर्लज्ज कुठलं.

१८ मार्च, संध्याकाळी
हरलो. आधी मीच बोललो. विचारलं, अबोला का धरलास? ती म्हणाली, कसला अबोला? रोज बोलतेय, तुम्हीच कानाडोळा करता. टेबलाशी ती डावीकडे. झोपतानाही डावीकडे. म्हटलं, काय काय बोललीस? म्हणाली, आता कुठलं आठवायला, जाऊ द्या.

फार वाईट वाटलं. तिची खुर्ची उजवीकडे ठेवायला उठलो. तोल गेला. तिने धरलं, आणि काहीतरी म्हणाली.

डावीकडून.