सलूनची कात्री उंबऱ्याबाहेर

ता. ७ मार्च

ती. बाबांना
सा. न. वि. वि.

पोचले बरं का. गाडीत झोप लागली नाही, तुम्ही बांधून दिलेलं सगळं खाल्लं आणि आज सकाळी दुकानात हजर झाले. घरचा फोन काढायची कल्पना माझीच, तेव्हा आता पत्रं खरडायची शिक्षाही मलाच. पण फोनवर माझा आवाज आला की आई मला पिठाच्या डब्यात शोधते आणि सापडले नाही की रडते, हे कळल्यावर दुसरा इलाज सुचेना.

डॉक्टर काय म्हणाले ते तुम्ही ऐकलंत, पण मान हलवताना तुमचं सगळं लक्ष त्यांच्या कानामागे वाढलेल्या केसांकडे होतं, म्हणून पुन्हा लिहिते. आईचं विसरणं थांबणार नाही. घर साधं केलं तर तिचं घाबरणं मात्र कमी होईल, आणि आहे तो दिवस तिला मजेत घालवता येईल. दोन ताटल्या ठेवा, दोन पेले. कपाटाची दारं काढून टाका म्हणजे आतलं तिला दिसेल. बाहेरच्या खोलीतला मोठा आरसा उतरवा, त्यातल्या बाईला ती घाबरते. मी दिवसभर फर्निचरच्या दुकानात नमुन्याच्या खोल्या मांडते. ज्या खोलीत सगळ्यात कमी सामान, तिथेच गिऱ्हाईक जरा टेकतं आणि सैलावतं, हे रोज बघते. तेव्हा तुमचे ते ढीगभर जुने कंगवे आणि केस कापायची बंद पडलेली मशिनं आधी बाहेर काढा.

आणि आपण दोघंही जे बोलायचं टाळत होतो ते लिहूनच टाकते. हे जमलं नाही तर आईला अशा विसरणाऱ्या माणसांच्या निवासात ठेवावं लागेल. तिथे तुम्हाला भेटायला जाता येईल, तिच्याबरोबर राहता येणार नाही. म्हणून मनावर घ्या.

आईला माझा पापा. माझ्यावर हवं तेवढं रागवा, माया मात्र पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
भिंगरी


ता. २२ मार्च

चि. भिंगरीस
अनेक आशीर्वाद.

तुझ्या हुकमाप्रमाणे घर मोकळं केलं. कपाटाचं एक दार काढताना माझ्या पायावर पडलं. त्यावर तुझी आई पोट धरधरून हसली, तेव्हा पाय सुजला तरी सौदा वाईट झाला नाही. आरसाही उतरवला. केस कापणाऱ्याच्या घरात आरसा नाही हे कुणाला सांगून पटायचं नाही. दाढी आता सलूनमध्ये जाऊन करतो. आरशातल्या त्या बाईशी हिचं रोज वाजायचं, आणि आता ती कुठे गेली म्हणून हीच विचारते. मुलीकडे गेली असं सांगून ठेवलंय, तेव्हा तुझ्याकडे आली तर सांभाळून घे.

खरं सांगायचं तर गुण आला. कपडे दोनच ठेवल्यापासून सकाळचं रडणं बंद झालं. हातात एकच चमचा दिला की नीट जेवते. सलून भागीदार बघतो, मी सकाळी जाऊन येतो तेवढा वेळ शेजारच्या मास्तरीणबाई हिच्यापाशी बसतात. दुपारी आम्ही दोघं बाल्कनीत मटार सोलतो. ती टरफलं भांड्यात टाकते आणि दाणे खाली, मी ते वेचतो. सगळा जन्म दुसऱ्यांच्या खुर्चीमागे उभं राहण्यात गेला. भर दुपारी बायकोशेजारी बसायचं सुख मला आत्ता मिळतंय, आणि ते थोडंथोडकं नाही.

परवा हिने माझे बूट उचलून दाराबाहेर ठेवले. कुणी पाहुणे विसरून गेले म्हणाली. तसं काही विशेष नाही.

सल्ले पाठवत राहा, त्यांच्याबरोबर तुझा लोभही येतो.

तुझे,
बाबा


ता. ५ एप्रिल

ती. बाबांना
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दुकानातल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. मटारांपाशी आमच्या रोखपालबाईंनी डोळे पुसले आणि तुमच्या पायाच्या सुजेपाशी हसल्या. पण बाबा, बुटांचं काय ते नीट लिहा. विशेष काही नाही असं तुम्ही लिहिता तेव्हाच मला धडकी भरते.

आता एकच मोठं काम राहिलं. आईचे केस. कमरेखाली येणारे ते केस धुवायचे म्हणजे अख्खी सकाळ जाते, आणि कंगवा लागला की ती मारायला धावते. मी होते तेव्हा तिच्या नखांचे ओरखडे माझ्या हातावर होते. ते खांद्यापर्यंत आणलेत तर तिचाही त्रास वाचेल, तुमचाही. घरात एवढा नावाजलेला कारागीर असताना बाहेरून कुणाला बोलवायची गरज नाही.

मला ठाऊक आहे, तुम्ही घरचा कायदा पुढे कराल. सलूनची कात्री उंबऱ्याबाहेर. लग्न झाल्या झाल्या आईने बजावलं होतं, की मला घरी नवरा हवा, केस कापणारा नको. सगळ्या गल्लीच्या डोक्यांवरून तुमचा हात फिरला, माझ्या कपाळावरच्या केसांची झालर तुम्ही कापलीत तीसुद्धा सलूनमध्ये नेऊन, पण आई तुमच्या खुर्चीत एकदाही बसली नाही. पण बाबा, तो कायदा तिलाच आता आठवत नाही. मग तो पाळायचा कुणासाठी?

राग आला तर पाणी प्या आणि मग उत्तर लिहा. तुमच्या लोभावर माझा हक्क आहे म्हणून एवढं बोलले.

तुमची,
भिंगरी


ता. १६ एप्रिल

चि. भिंगरीस
अनेक आशीर्वाद.

पाणी प्यायलो. तरी राग गेला नाही.

केस कापणार नाही. तो कायदा हिचा आहे आणि तो मला आठवतो, तेवढं पुरे. तुला आज सांगतो, तो मला कायम टोचत आला. मला वाटायचं हिला माझ्या धंद्याची लाज वाटते. कधी विचारलं नाही. विचारलं असतं आणि हो म्हणाली असती तर काय करायचं, म्हणून गप्प बसलो. पण एवढी वर्षं पाळलं ते आता ती बेसावध असताना मोडायचं, हे मला जमणार नाही.

बुटांचं विचारलंस. ते नुसतं बुटांवर राहिलेलं नाही. ती मला ओळखत नाही, भिंगरी. दुपारी कोणी बरा माणूस बसलाय एवढं तिला चालतं. संध्याकाळ झाली की घाबरते. परका पुरुष घरात कसा, म्हणून भिंतीला टेकून उभी राहते आणि मोठ्या अदबीने मला सांगते, की आमचे हे आता येतील, त्याआधी तुम्ही निघालेलं बरं. मी निघतो. जिन्यात बसतो. खाली जाऊन दूध आणतो, परत बेल वाजवतो. कधी घरात घेते, कधी मास्तरीणबाईंना बोलवावं लागतं.

तू सांगितलंस ते सगळं केलं. ज्यानं ज्यानं तिचा गोंधळ होतो ते सगळं बाहेर काढलं. आता या घरात गोंधळात टाकणारी एकच वस्तू उरली आहे, आणि ती मी आहे. माझी एवढीच इच्छा होती की सगळं गेल्यावर शेवटी खोलीत ती आणि मी उरावं.

तुझ्यावर राग नाही. असलाच तर तो तुझ्यापर्यंत पोचेतो शिळा होईल.

तुझे,
बाबा


ता. २४ एप्रिल

ती. बाबांना
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दुपारच्या सुट्टीत वाचलं आणि नमुन्याच्या खोलीतल्या पलंगावर, किमतीच्या चिठ्ठीशेजारी बसून रडले. काचेबाहेर लोक होते. म्हटलं बघू देत.

निवासात फोन केला होता. पुढच्या महिन्याच्या मध्यावर एक जागा रिकामी होते आहे. माझ्या मनात काय आहे ते मलाच नीट सांगता येत नाही. तुम्ही जिन्यात बसता हे डोळ्यांपुढून हलत नाही, आणि आई तिथे तुमच्याशिवाय, हेही डोळ्यांपुढे येतं. तुम्ही म्हणाल ते करू.

एक गोष्ट लपवणार नाही. केसांचं मी त्यांना विचारलं. पहिल्याच दिवशी ते सगळ्यांचे केस मशिनने बारीक करतात, सोयीचं पडतं म्हणाले. तुम्हाला हे तिथे दारात कळू नये म्हणून आत्ताच लिहिते.

मागच्या पत्रात फार शहाणपणा केला. तो तेवढा वजा करा, बाकीची मी तुमचीच आहे.

भिंगरी


ता. ५ मे

चि. भिंगरीस
अनेक आशीर्वाद.

मशिनचं वाचलं आणि दोन दिवस हात कशाला लागेना. मग ठरवलं, कापायचेच असतील तर ते मी कापीन.

काल सकाळी सलूनमधून पिशवी उचलली. अंगावर कामाचा डगला तसाच ठेवला, मास्तरीणबाईंना आधी सांगून ठेवलं होतं, आणि आपल्याच दाराची बेल वाजवली. दार हिनेच उघडलं. डगल्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, आणि या दादा, केव्हाची वाट बघतेय, म्हणाली. विनाकारण घरात बसलेल्या माणसाची तिला भीती वाटत होती. पिशवी घेऊन आलेल्या माणसाचं घरात काही काम असतं, हे तिला उमगलं. स्वतः खुर्ची ओढून बसली आणि चादर बांधायला मान पुढे केली.

वेणी सोडली. इतकी वर्षं उशीशेजारी बघितलेले केस, पण त्यांचं वजन मला माहीत नव्हतं. कंगवा फिरवला, ओरडली नाही. उजवीकडून सुरुवात केली. आणि ती बोलायला लागली, जशी सगळी गिऱ्हाइकं बोलतात. गिऱ्हाईक बोलत असताना आपण नुसतं हूं म्हणायचं, ही सवय कामी आली.

म्हणाली, आमचे हेसुद्धा केसच कापतात. फार चांगला हात आहे, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. मी त्यांना माझ्या केसांना कधी हात लावू दिला नाही. मी विचारलं, का बरं. तर म्हणाली, हे संध्याकाळी यायचे तेव्हा पेला धरतानाही बोटं थरथरायची. दिवसभर ते हात लोकांचे असतात. घरी आल्यावर तरी त्यांना काम नको, म्हणून मी थट्टेत कायदा करून टाकला. खरं कारण सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं नसतं, मुद्दाम कापले असते.

भिंगरी, मी तिच्या मागे उभा होतो आणि घरात आरसा नव्हता. नाहीतर तिला माझं तोंड दिसलं असतं.

उजवी बाजू झाली. डावीकडे कंगवा नेला तसा तिने माझा हात धरला. आता पुरे म्हणाली. एवढी वर्षं मनात होतं की एकदा यांच्याकडून कापून घ्यावेत. आज विचारते. राहिलेले तेच कापतील. अर्धवट काम सोडून मी जन्मात उठलो नव्हतो, काल उठलो. खालचे केस गोळा केले आणि निघालो.

संध्याकाळी डगला काढून, हातपाय धुऊन, नवरा म्हणून दारात गेलो. वाटलं होतं, आज एवढं बोलली आहे तर ओळखेल. ती दचकली. आमचे हे यायचेत, त्यांच्याकडून केस कापून घ्यायचेत, तेव्हा तुम्ही निघा, म्हणाली.

आज सकाळी पुन्हा पिशवी घेऊन बेल वाजवली. या दादा म्हणाली. विंचरून दिलं, मग तिने मला मटार सोलायला बसवलं. निवासाला नको म्हणून कळव. गोंधळात टाकणारी शेवटची वस्तू मी बाहेर काढली. दिवसभर दादा म्हणून राहीन, संध्याकाळी जिन्यात बसेन, ती निजली की मास्तरीणबाई दार उघडतील. निवासात मी भेटायला येणारा झालो असतो, इथे रोजचा तरी आहे.

जिन्यात बसून लिहितोय, अक्षर वाकडं आलंय. तेवढं सांभाळून वाच.

तुझे,
बाबा


ता. १२ मे

ती. बाबांना
सा. न. वि. वि.

निवासाला नको म्हणून कळवलं. रजा काढली आहे, महिनाअखेरीस निघते. जास्त काही लिहवत नाही.

दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. मी कोण म्हणून येऊ? आणि आईला असं अर्धवट केसांचं ठेवू नका. तुम्हाला धीर होत नसेल तर मी आले की डावी बाजू समान करून देते.

तुम्हाला घट्ट मिठी, पत्रातून जेवढी पोचेल तेवढी.

भिंगरी


ता. १७ मे

चि. भिंगरीस
अनेक आशीर्वाद.

गिऱ्हाईक म्हणून ये. केस ओले करून ये आणि दुसऱ्या खुर्चीत बस, म्हणजे तुझं घरात काही काम आहे हे तिला कळेल. शेजारच्या खुर्चीतल्या बाईशी ती भरभरून बोलते. मुलगी आहे, लोकांच्या खोल्या मांडते, एका जागी ठरत नाही, असं सगळं मला रोज सांगते. तुलाही सांगेल. ऐकून घे, हूं म्हण.

घरात मलाही दादाच म्हण. जिन्यात उतरलीस की बाबा म्हण, हवं तेवढ्या वेळा.

केस समान करायचं मात्र मनात आणू नकोस. उजवे खांद्यापर्यंत आहेत, डावे कमरेखाली. लोक बघतात, बघू देत. संध्याकाळी ती आता घाबरत नाही. डावे केस पुढे घेऊन दाराकडे तोंड करून बसते, डोळा लागेपर्यंत. आणि रोज सकाळी विंचरताना मला बजावते, की दादा, डावीकडे कात्री लावू नका, ते यांच्यासाठी ठेवलेत. मी हो म्हणतो.

तुझे,
बाबा