पेशंटने बोलायचं नसतं

२ ऑगस्ट
पोहोचले एकदाची नर्सिंग कॉलेजात! हॉस्टेलची खोली ऐसपैस, रूममेट बडबडी पण मनाने साफ. नवा गणवेश घालून आरशापुढे इतका वेळ उभी राहिले की तिने विचारलं, आरशालाच इंजेक्शन देणार आहेस का. आईला फोनवर सांगितलं, आता तुझं बीपी मीच बघणार. सरावाच्या खोलीतला पुतळा कमरेतून मोडलाय. मॅडम म्हणाल्या, नवा येईपर्यंत एकीने पेशंट व्हायचं. मी हौसेने हात वर केला.

९ ऑगस्ट
मॅडमनी सगळ्यांसमोर कौतुक केलं, ही छान पडते. झालं, आता रोज मीच! बाकीच्या बीपी घेतात, बँडेज बांधतात. मी छताकडे बघत शिकते. माझी पाळी कधी, असं विचारलं तर म्हणाल्या, पेशंटने बोलायचं नसतं. वर्ग हसला. मीही हसले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. नर्स व्हायला आलेय की आडवं पडायला?

२० ऑगस्ट
प्राचार्यांकडे तक्रार घेऊन गेले. त्यांनी माझ्याशी अवाक्षर न बोलता मॅडमना फोन लावला, तुमचा पेशंट इकडे आलाय, घेऊन जा. दोघी मुली व्हीलचेअर घेऊन आल्या. मला चालता येतं, हे किती वेळा सांगितलं मी!

२६ ऑगस्ट
नाडीचा तास. माझी नाडी कुणालाच सापडेना. मॅडम म्हणाल्या, पुतळ्याला कुठली नाडी! तळपायाची आग मस्तकात गेली. मग मीच मनगट चाचपलं. काही लागलं नाही. नाडी कशी बघायची हे मला शिकवलंच नाही कुणी, म्हणून असेल.

१ सप्टेंबर
आईचा फोन. मी बोलत होते — ओरडत होते — ती नुसती हॅलो, हॅलो. शेवटी रूममेटने फोन घेतला. काकू, ती मजेत आहे म्हणाली. मुकी बिचारी कुणीही हाका.

३ सप्टेंबर
हॉस्टेलच्या खोलीत माझी खाट नाही. कपाट नाही. सरावाच्या खोलीतच झोपायचं —

४ सप्टेंबर
सलाइनचा तास. खरी सुई. पाळी रूममेटची. नळीतली हवा काढलीच नाही तिने — अख्खी नळी रिकामी दिसतेय मला — हवा शिरेत गेली तर माणूस जातो, एवढं तरी शिकले मी इथे पडून —

ओरडतेय. कुणी बघत नाही. मॅडम तिला म्हणताहेत, टोच बिनधास्त, दुखतंय थोडंच त्याला —

वही तिच्या नाकासमोर धरलीय. वाच गं. आधी हवा काढ. अगं, मी आहे, मी —