काळीची दोन कोकरं

तळोजा,
६ जानेवारी २०२५

ती. बाबांना तेजसचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून ताई म्हणाली, पत्र टाक. डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, बरं वाटलं. इकडचं टेन्शन घेऊ नका. कंपनीतून रजा काढून मी शेडवरच मुक्काम ठोकलाय. काल काळी व्याली. दोन कोकरं, दोन्ही माद्या! एकीच्या कपाळावर पांढरा टिकला आहे. आता तरी म्हणू नका, तेजसला मेंढ्यांतलं काही कळत नाही म्हणून.

डॉक्टर म्हणतील तितके दिवस ताईकडे राहा. माया ठेवता तशीच ठेवा.

तुमचा तेजस

सीवूड्स,
९ जानेवारी

चि. तेजस यास अ. उ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. कोकरांना पहिला चीक पोटभर पाजलास ना? काळीची वार पूर्ण पडली का? थंडी आहे, खाली कोरडं गवत घाल. तुझी आई गेली त्या हिवाळ्यात काळीला मी बाटलीनं वाढवलं, तुला आठवत असेल. तिच्या पहिल्या विणीला मीच जवळ असणार होतो. पण डॉक्टरांनी धुळीत जायचं नाही म्हणून आणखी आठ दिवस वाढवलेत, असं मनस्वी सांगते.

इथल्या सोसायटीत मी सगळ्यांना सांगतो, माझा मुलगा राखतोय मेंढ्या. तुझ्याबद्दल माझंच चुकलं होतं. जेवत जा वेळेवर.

तुझा बाबा

तळोजा,
१५ जानेवारी

नामदेवभाऊंना शेजारीन मुक्ताबाईचा नमस्कार.

मला लिवता येत नाय, अंगनवाडीच्या बाईंकडून लिवून घेते. राग आलाय म्हनून लिवते. मेंढ्या इकायच्या होत्या तर मला एक शब्द सांगायचा नाय? इतकी वर्सं मी त्यांना पाला घातला. तुमी गेलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी तेजसनं चौदाच्या चौदा टेंपोत भरल्या. बाबांनीच सांगितलंय म्हनाला. खाडीकडं वाडा घातलाय त्या बाजीराव मेंढपालाला दिल्या. तवापासून शेडला कुलूप हाय.

तुमची काली तिथं आयतवारी व्याली. कोकरू आडवं आलेलं. बाजीराव कलप घेऊन लांब गेलेला, तो येईपर्यंत कोकरू मेलं. एकच होतं. काली अजून जागा हुंगत फिरते.

तुमच्या मनात काय होतं ते तुमालाच ठावं. तब्येत सांभाला.

मुक्ताबाई

सीवूड्स,
१९ जानेवारी

ती. बाबांना मनस्वीचा सा. न. वि. वि.

न सांगता निघून गेलात. डोळ्यात घालायचे थेंबसुद्धा इथंच राहिले. मुक्ताकाकूंचं पत्र उशीखाली सापडलं.

आता लपवत नाही. तुम्ही आत झोपला होतात तेव्हा तेजसनं ते पत्र माझ्या स्वयंपाकघरात बसून लिहिलं. कपाळावरचा टिकला मी सुचवला. डॉक्टरांनी चारच दिवस सांगितले होते. बाबा, गेल्या थंडीत तुम्ही शेडमध्ये पडलात आणि संध्याकाळपर्यंत कोणाला पत्ता नव्हता. तुम्ही ते विसरलात, मला विसरता येत नाही. हळूहळू इथं रुळाल, मग सांगू, असं आम्ही ठरवलं होतं.

गाडी पाठवते. परत या. रागावलात तरी आमचेच राहा.

तुमची मनस्वी

बाजीरावचा वाडा, खाडीजवळ,
२३ जानेवारी

चि. मनस्वी आणि चि. तेजस यांस अ. उ. आ.

गाडी परत पाठवली आहे. थेंब मुक्ताबाईनं दुकानातून नवे आणले, तीच दोन वेळा घालते. तिचा राग मात्र अजून पुरता गेलेला नाही. बाजीरावनं काळी परत देऊ केली. मी नाही म्हणालो. त्यानं सरळ मनानं मेंढ्या घेतल्या, झालेला सौदा का मोडायचा? काल एकीचं कोकरू अडलं होतं, मी हात घालून फिरवलं. जगलं. अजून पाच व्यायच्या आहेत, तोवर इथंच आहे.

मनस्वी, तुझ्या गॅलरीत बसून आठ दिवस मी त्या टिकल्यावालीला नाव शोधत होतो.

म्हातारा झालोय हे मलाही कळतं. तुम्ही समोर बसून सांगितलं असतंत, तर भांडलो असतो, दोन दिवस जेवलो नसतो, आणि शेवटी मीच मेंढ्या बाजीरावच्या हवाली केल्या असत्या. तेवढी वाट पाहायला हवी होती.

आशीर्वाद आहेतच. विश्वासाचं तेवढं इतक्यात विचारू नका.

नामदेव